घरचं रक्त

नाशिक,
१४ सप्टेंबर २००४

चि. रंगनाथ,

आशीर्वाद. एरवी 'अनेक उत्तम' असंही लिहिते. रविवारनंतर जेवढे शिल्लक राहिले तेवढेच या वेळी पाठवते आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे, हे तू सगळ्या भावकीसमोर सांगितलंच आहेस. यंदा निशिगंधाला भाव चांगला आहे असं आमच्या गल्लीत भाजी आणणाऱ्या बयाबाईकडून कळलं. सख्ख्या भावाच्या मळ्याची बातमी मला टोपलीवालीकडून कळावी, हे ठीकच झालं.

पत्र लिहायचं कारण, तू फोन उचलत नाहीस. मोबाइल बंद ठेवता येतो. पोस्टमन बंद ठेवता येत नाही. आणि माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडता ठेवून द्यायची हिंमत तुझ्यात शाळेत असताना नव्हती, ती आता चौपन्नाव्या वर्षी आली असेल असं मला वाटत नाही.

मी निकिताच्या लग्नात मोडता घातला, असं तू मखमलाबादभर सांगतो आहेस. म्हणून मी काय बोलले ते इथे लिहून ठेवते. भावाची मुलगी सून करून न्यायची, हा आपल्यात बहिणीचा मान. तो कुसाबाईनं मागितला, तू दिलास. तिचा शेखर गुणी आहे. कॉलेजच्या वर्षांत तो माझ्याकडेच राहत होता, ताट स्वतः विसळून ठेवणारा मुलगा, आपल्या घराण्यात दुसरा नाही. त्या दोघांना एकमेकांविषयी काही वाटतं, हेही मला ठाऊक आहे. रविवारी बैठकीत मी फक्त एवढं म्हणाले की, सुपारी फोडायच्या आधी निकिताचं रक्त तपासून घ्या.

यावर सावळीरामकाका काय म्हणाले? "रक्त काय तपासायचं त्यात, बाई? घरचंच तर हाय." आणि सगळे हसले. तूही हसलास. काका, घरचं आहे म्हणूनच तपासायचं, असं मी म्हणाले, ते हसण्यात कुणाला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं, कारण त्यानंतरच तू उठलास.

शेखरचं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही असं तू दाखवतोस, म्हणून पुन्हा लिहिते. गेल्या वर्षी घोटीच्या रक्तदान शिबिरात त्याचं रक्त कमी भरलं म्हणून घेतलं नाही. त्यानं मला फोन केला. मी त्याला डॉ. सुवर्णाकडे नेलं. सुवर्णा माझी विद्यार्थिनी, शरणपूर रोडला तिची रक्त तपासायची लॅब आहे. तिनं नमुना मुंबईला पाठवून खात्री करून घेतली. त्याला थॅलेसेमिया मायनर आहे. नाव मोठं, पण तो आजार नाही. तो तांदळाची पोती उचलतो, त्याला काही होणार नाही. मात्र त्याला बायकोही तशीच मिळाली, तर त्यांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारात एक अशी शक्यता राहते की, मूल तो आजार पुरा घेऊन जन्माला येईल. असं मूल जन्मभर दुसऱ्यांच्या रक्तावर जगतं. रक्त मिळालं नाही तर जगत नाही.

निकितानं दहावीला सजीवांच्या पेशीची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. तू पेढे घेऊन आला होतास. ती आकृती कुणाची होती असं तुला वाटलं, रंगा? बेडकाची? ती तुझी होती, माझी होती. शाळेत तीस वर्षं मी हेच शिकवलं आणि आता कळतंय की लोकांनी ते परीक्षेपुरतं घेतलं. पेशी वहीत असते, अंगात नसते, असा तुमचा सगळ्यांचा समज आहे.

तुला समजेल अशा भाषेत सांगते. तू जुनी जीप घेतलीस तेव्हा मागची बाकं काढून टाकलीस, का? कोथिंबिरीच्या जुड्या जास्त मावाव्यात म्हणून. रक्तातली तांबडी पेशी तेच करते. इतर पेशींच्या मधोमध केंद्रक असतं, ही तयार होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देते, दोन्ही बाजूंनी खोलगट होते, आणि सगळी जागा हिमोग्लोबिनला देते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा, एवढंच तिचं काम, आणि तिचा आकार त्या कामासाठीच घडलेला. आता समज, जीप आहे, रस्ता आहे, पण मळ्यात जुड्याच निम्म्या बांधल्या गेल्या. मग जीप अर्धी रिकामी धावणार. शेखरचं तेवढंच आहे, अर्ध्या मालावर त्याचं भागतं. ज्या मुलाला आईकडूनही हेच येतं आणि बापाकडूनही हेच, त्याच्या मळ्यात जुडीच बांधली जात नाही. त्याच्या पेशी फिकट, वेड्यावाकड्या होतात, आणि अर्ध्या रस्त्यात फुटून जातात.

यात लाज कसली? यात कुणाची अब्रू जाते?

तू दर दोन वर्षांनी मळ्यातली माती तपासायला पाठवतोस. विहिरीचं पाणी बाटलीत भरून पाठवलंस. झेंडूचं बियाणं खात्रीचं नसेल तर पाकिटाला हात लावत नाहीस. आणि गुरू सिंह राशीत होता म्हणून या लग्नासाठी वर्षभर थांबलास. सिंहस्थात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, बरोबर आहे, तुम्ही सगळे निमूट थांबलात. आकाशातल्या गुरूसाठी वर्ष दिलंस आणि पोरीच्या बोटातल्या एका थेंबासाठी तुला सकाळची फुरसत नाही.

तू मला काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "आक्का, शाळा सुटली तुझी. आता घंटा वाजवू नको." हे मी हसण्यावारी नेलं असतं, चांगलं वाक्य होतं. पण पुढे म्हणालास, "जिनं संसार केला नाही तिनं दुसऱ्याच्या पोरीच्या पोटाचा हिशेब मांडू नये." त्यावर कुणी हसलं नाही. कुसाबाई पदर तोंडाला लावून बसून राहिली. मी चप्पल घातली आणि पाटाच्या कडेनं चालत बसथांब्यावर आले. जीपनं सोडायला कुणी आलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी लिहिणार नाही. तुला ती ठाऊक आहे. मी रक्त हा शब्द उच्चारला तेव्हा तुझी बायको, कलाबाई, चहाचे कप घेऊन दारात उभी होती, आणि कपबशा वाजल्या. तू वळून पाहिलंस आणि मान फिरवलीस. ते मी पाहिलं. इतकंच.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. भरपूर वेळ आहे. मुलीला घेऊन ये, चहा मी करीन.

तू मान किंवा मानू नकोस,
तुझी थोरली बहीण,
मालनआक्का


नाशिक,
२७ ऑक्टोबर २००४

चि. रंगनाथ,

आशीर्वाद. उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र वाचलंस. दसऱ्याला झेंडू बरा गेला असेल. गणेशवाडीच्या फूलबाजारातून जाताना तुझी जीप दिसली, तू ढिगामागे वाकून माप करत होतास. हाक मारणार होते, मारली नाही.

आता जे लिहिते ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. नवरात्रात कलाबाई आणि निकिता देवीची ओटी भरायला कालिकेच्या जत्रेला गेल्या होत्या, असं त्यांनी तुला सांगितलं. त्या गेल्याही, पण आधी माझ्याकडे आल्या. तू घरी जाऊन आरडाओरडा करणार असशील तर पत्र इथेच खाली ठेव, पाणी पी, आणि मग पुढे वाच.

निकिता आपणहून येईल, असं मला वाटलंच होतं. कला येईल असं वाटलं नव्हतं. तिच्या पिशवीत निशिगंधाचा जुडगा होता. आपले दादा शाळेतल्या चॅपेलसाठी दर शनिवारी असाच जुडगा सिस्टरना द्यायचे, आणि त्याच ओळखीवर एका माळ्याची पोर कॉन्व्हेंटात गेली. तो वास आला की मला अजून कांद्याचा पापुद्रा आठवतो. सिस्टरनी काचेवर ठेवून दाखवला होता, विटांच्या भिंतीसारख्या ओळीनं लागलेल्या पेशी. आपल्याच वाफ्यातला कांदा होता तो. मी घरी येऊन आईला सांगितलं की कांद्याच्या आत घरं असतात, आणि ती म्हणाली, आधी पातेलं घास.

असो. कला म्हणाली, "वन्सं, पोरीचं काढा रक्त. मी सांगते म्हणून काढा." मी विचारलं, रंगाला काय सांगशील? ती म्हणाली, "काय सांगायचं ते तुम्ही लिहा. तुम्हाला लिहिता येतं." म्हणून लिहिते आहे.

आम्ही तिघी तडक लॅबमध्ये गेलो. सुवर्णानं निकिताच्या बोटाला टोचलं, थेंब काचेवर पसरला, रंग दिला, वाळवला. ती खात्रीचा नमुना मुंबईला पाठवणार होतीच, पण डोळ्यांना काय दिसतं ते आधी पाहू म्हणाली. तेवढ्यात कलानं स्वतःचा हात टेबलावर ठेवला. बोट पुढे करून. कुणी सांगितलं नव्हतं. "माझंबी बघा."

सुवर्णानं आधी स्वतःची एक काच लावली, नेहमीचं रक्त कसं असतं ते दाखवायला. मग कलाची. तुझी बायको तुझ्याकडे येऊन इतकी वर्षं झाली, तिची बोली आपल्यासारखी झाली आहे. पण घाबरली किंवा हरखली की माहेरचं नामपूर बाहेर येतं. ती डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली. मग म्हणाली, "बाईंचं रगत पोळीवानी भरेल दिसस. हाई मन्हं शे? हाई बांगडीवानी रिकामं."

मी तीस वर्षांत इतक्या मुलींना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावलं. जे दिसतं ते इतकं सरळ कुणी सांगितलं नाही, सगळ्या पुस्तकात लिहिलंय तेच सांगायच्या. फिकट, बारीक, मध्ये पोकळ, काहींच्या मधोमध टिकलीसारखा ठिपका. निकिताची काच लावली, तीही तशीच.

सुवर्णानं दोन्ही हात पुढे करून समजावलं. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याचा एक निरोप आईकडून येतो, एक बापाकडून. एक चुकीचा असला तर दुसऱ्यावर निभावतं. दोन्ही चुकीचे आले तर निभावत नाही.

आता ते लिहिते, जे मी मागच्या पत्रात लिहिणार नाही म्हणाले होते.

तुझ्या केरूचं कपाळ आठव, रंगा. पुढे आलेलं, रुंद. येईल तो माणूस त्यावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, केवढं भाग्याचं कपाळ, पोरगा कलेक्टर होणार. तू किती खूश व्हायचास. ते भाग्य नव्हतं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. त्याच्या पेशी तयार होत होत्या आणि फुटत होत्या, म्हणून मगज आणखी बनवत होता, आणखी, आणि जागा पुरेना म्हणून हाडं फुगत होती. त्याचं पोट मोठं होतं, तेव्हा आई म्हणायची, खातो चांगला. ती प्लीहा होती. फुटलेल्या पेशींचा कचरा उपसून उपसून सुजलेली. त्या चिमुकल्या देहातली प्रत्येक गोष्ट आपलं काम मरमरून करत होती, आणि आपण सगळे बाहेर उभे राहून त्याचं कौतुक करत होतो.

तो पांढरा पडत चालला, तेव्हा तुम्ही त्याचं नाव बदललंत. दादांच्या नावावरून चिमाजी ठेवलं होतं, ते काढून केरू केलंत. उकिरड्यावर ठेवून शेजारणीकडून उचलून घेतलंत, म्हणजे मरणाला वाटावं हा केर आहे, न्यायच्या लायकीचा नाही. मी तेव्हा शहरात होते, कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला त्या वेळी हा आजार नावानंसुद्धा ठाऊक नव्हता, तालुक्याच्या डॉक्टरांनाही नव्हता. त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. तुलाही नाही. न कळणं हा गुन्हा नाही.

पण त्यानंतर जे झालं त्याला मी काय म्हणू?

त्यानंतर घरात ठरलं की हे कलामुळे झालं. ती पोटुशी असताना ते मोठं सूर्यग्रहण झालं, ऐंशी सालचं. सगळं नाशिक दारं लावून बसलं होतं. आणि कला ओसरीवर विळीपुढे बसून मेथीची देठं कापत होती. ग्रहणात विळीला हात लावला, म्हणून मुलाच्या रक्तात खोट आली. आई म्हणाली, काकी म्हणाल्या, गडीमाणसं म्हणाली. तिला सटवाईला बसवलं, ओलेत्यानं देवळाभोवती फिरवलं, निकिताच्या वेळी नऊ महिने तिच्या हाती सुरीसुद्धा दिली नाही. लग्नकार्यात ती नव्या सुनांची ओटी भरायला पुढे होत नाही, हे तू पाहिलं आहेस का? ती मागे राहते. तिला कुणी नको म्हणत नाही. ती आपणच मागे राहते.

आणि तिला विळीपुढे बसवलं कुणी, रंगा? सकाळच्या बाजाराला मेथी सुकेल म्हणून? ती म्हणाली होती, आज ग्रहण आहे. तू म्हणालास, ग्रहण काय मेथी खातंय? शहाणं वाक्य होतं. मी ते ऐकलं, मी त्या दिवशी तिथेच होते, आणि मला तुझा अभिमान वाटला. पुढे जेव्हा सगळ्यांनी तिच्यावर ठपका ठेवला, तेव्हा ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला तुझं तोंड उघडलं नाही.

लॅबमध्ये कलानं विचारलं, "गिरानमुळे नही?" सुवर्णा म्हणाली, नाही, ग्रहणाचा काही संबंध नाही. कला पुन्हा वाकून काचेतून पाहायला लागली. मग डोळा न उचलता तिनं विचारलं, "आर्धं मन्हं. मंग आर्धं कोनं?"

सुवर्णा बाहेरची, ती कशाला बोलेल. मी बोलले नाही, आणि मी गप्प राहिल्याचे प्रसंग तू बोटांवर मोजू शकशील. मग निकितानं तुझं नाव घेतलं, "आबांचं."

कला रडली नाही. रडली असती तर मला हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं. तिनं सुवर्णाला विचारलं, हात धुवायला पाणी कुठे आहे. हात धुतले, पदराला पुसले, आणि मग आम्ही तिघी कालिकेला गेलो आणि ओटी भरली. पहिली ओटी तिनं भरली. मागे राहिली नाही.

मुंबईचं कळलं की कळवते.

मालनआक्का


नाशिक,
९ नोव्हेंबर २००४

चि. रंगनाथ,

आशीर्वाद. आज थोडक्यात लिहिते, कारण राग लांबलचक लिहिला की निवतो, आणि हा मला निवू द्यायचा नाही.

मुंबईचं आलं. निकिताला आहे, शेखरसारखंच. कलालाही आहे. सुवर्णानं शेखर आणि निकिता दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. दिवस गेल्यावर सुरुवातीलाच मुंबईत तपासता येतं, काय असेल ते कळतं, मग काय करायचं ते ठरवावं लागतं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. कुसाबाईला मी सांगितलं होतं की तूही बोलायचं नाही, आणि ती बिचारी ओठ चावून बसली.

ते दोघं बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलले. आत आले तेव्हा निकिताचे डोळे लाल होते आणि शेखरनं तिची पर्स धरली होती. तो म्हणाला, "मावशी, केरूला मी खांद्यावर घेऊन मळ्यातल्या पाटापर्यंत न्यायचो. तो शेवटी शेवटी किती हलका झाला होता ते मला माहीत आहे. निकिताला मी कलामामी होऊ देणार नाही." निकिता म्हणाली, "मी पण नाही होणार." बस. त्यांचं ठरलं. लग्न होणार नाही. ते त्यांनी मोडलं, मी नाही, आणि एकमेकांवर राग न धरता मोडलं, जे आपल्या घरात कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

त्यांना आता दुसरीकडे स्थळं मिळतील, आणि स्थळ पाहताना ते आधी सांगतील. दुसऱ्या बाजूचं रक्त बरं असेल तर यांची मुलं धडधाकट होतील. एवढं साधं आहे. याला खोट म्हणत नाहीत.

पण तू म्हणतोस. बयाबाईचा जावई मखमलाबादचाच आहे, पारावर काय बोललं जातं ते मला घरबसल्या कळतं. तू सांगितलंस, "नामपूरची खोट आहे, पोरीला आईकडून आली." आता निकिताच्या नावाला लावलीस आणि पुन्हा कलाच्या गळ्यात घातलीस. दुसऱ्यांदा, रंगा. केरूच्या वेळी मेथीवरून, आणि आता.

नामपूर म्हणजे कोण? कला तुझ्या मामाची मुलगी. म्हणजे आपल्या आईच्या भावाची. नामपूरहून पहिली आली ती आपली आई. कलाकडे जे तिच्या वडिलांकडून आलं, तेच आपल्याकडे आईकडून आलं. एकाच आजोबाचं रक्त दोन वाटांनी फिरून तुझ्या घरात पुन्हा एकत्र आलं आणि केरूच्या अंगात भेटलं. आईच्या हातचं खाताना, आईच्या मांडीवर झोपताना तुला नामपूर कधी लागलं नाही.

तुला वाटेल, आक्काला काय, ती लांबून शहाणपणा सांगते. म्हणून हे सांगते. गेल्या आठवड्यात मी सुवर्णाला माझंही रक्त तपासायला सांगितलं. मलाही आहे. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कलाच्याच बांगड्या दिसल्या. जिच्यावर तीस वर्षं धडे दिले ती पेशी माझ्याच अंगात होती आणि मी ती एकदाही पाहिली नव्हती. कुसाबाईकडे आहे, नाहीतर शेखरकडे आली कुठून, तिच्या यजमानांचं तपासलं, त्यांचं रक्त साफ आहे. राहिलास तू. तुझं तपासायचीही गरज नाही. केरूनं तपासून दिलं आहे.

तर आता ऐक. पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. तू आजवर कधी चुकवली नाहीस, अंगात ताप असतानाही आलास, हे मी नाकारत नाही. या वर्षी एकटा येऊ नकोस. कला आणि निकिताला घेऊन ये. कुसाबाईही घोटीहून येणार आहे. मी ओवाळायच्या आधी, ताट हातात घ्यायच्या आधी, तू कलाकडे पाहून दोन शब्द म्हणायचे, "अर्धं माझं." शास्त्र सांगू नकोस, माफी मागू नकोस, तुला ती येत नाही. फक्त दोन शब्द. मोठ्यानं, कुसाबाईला ऐकू जाईल इतके, म्हणजे दुसऱ्या दिवशी घोटीपासून मखमलाबादपर्यंत सगळ्यांना ऐकू जातील.

ते म्हणणार नसशील तर येऊ नकोस. निरांजन मी विझवून ठेवीन आणि कलाला एकटीला जेवायला बोलावीन. ती येईल. आता ती येते.

पाट मी दोन काढून ठेवले आहेत. तिचा आधी मांडीन. तुझा मांडायचा की भिंतीला उभा ठेवायचा, हे तुझ्यावर आहे.

आईची, नामपूरची, तुझ्याच रक्ताची,
मालनआक्का